‘वृत्तसंस्था’ म्हणजे नेमकी कोणाची संस्था?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘सातारा, दि. १२ (जिमाका)’ अशी सुरुवात दिसली की पुढचा मजकूर कुठून आला आहे हे वाचकाला लगेच कळते. कोयनेतला विसर्ग असो, पालकमंत्र्यांचा दौरा असो की खतांचा साठा, हे जिल्हा माहिती कार्यालयाने पाठवले आहे, म्हणजे शासन स्वतःबद्दल सांगते आहे, एवढे त्या तीन अक्षरांत येऊन जाते. मजकूर खोटा असतो असे नाही. विसर्गाचा आकडा तर तिथूनच घ्यावा लागतो. पण सांगणारा कोण हे ठाऊक असल्यामुळे कशाला किती धरायचे ते वाचक स्वतः ठरवतो. देश-विदेशच्या पानावर आले की ही सोय संपते. तिथे ‘बीजिंग : वृत्तसंस्था’, ‘मॉस्को : वृत्तसंस्था’, ‘तेहरान : वृत्तसंस्था’. कोणती संस्था, कोणाच्या पैशावर चालणारी, तिचा संपादक कोण नेमतो, यातले काहीच नाही. आमचे हे पत्र त्या एका शब्दाबद्दल आहे, आणि तो बदलणे पूर्णपणे आपल्या हातात आहे म्हणून ते आपल्यालाच लिहीत आहोत.

त्या शब्दाखाली किती वेगवेगळे मालक झाकले जातात पाहा. शिन्हुआ ही संस्था चिनी कम्युनिस्ट पक्षाने १९३१ मध्ये रुइजिन इथे सुरू केली. आज तिचा दर्जा मंत्रालयाच्या बरोबरीचा असून ती थेट तिथल्या मंत्रिमंडळाच्या, म्हणजे स्टेट कौन्सिलच्या, अखत्यारीत आहे. वरिष्ठ नेत्यांविषयीच्या महत्त्वाच्या बातम्या चिनी वृत्तपत्रांना शिन्हुआने दिलेल्या मजकुरावरूनच छापाव्या लागतात. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी शी जिनपिंग यांनी शिन्हुआ, पक्षाचे मुखपत्र पीपल्स डेली आणि सरकारी दूरचित्रवाणी सीसीटीव्ही या तिन्ही कार्यालयांना भेट दिली आणि पक्षाच्या माध्यमांचे आडनाव ‘पक्ष’च असले पाहिजे, असे बजावले. शिन्हुआचे बातमीदार आणखीही एक काम करतात. जे छापायचे नाही, पण नेतृत्वाला कळले पाहिजे, त्याचे अंतर्गत अहवाल ते लिहितात. म्हणजे संस्थेला पुष्कळ ठाऊक असते. त्यातले बाहेर काय सोडायचे याचा निर्णय बातमीच्या कसोटीवर होत नाही.

रशियाची तास आपले मूळ १९०४ च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या तारसंस्थेपर्यंत नेते. तास हे नाव १९२५ चे. तिच्या जोडीची रिया नोवोस्ती ही मोठी सरकारी संस्था ९ डिसेंबर २०१३ रोजी अध्यक्षीय हुकमाने बरखास्त झाली, तिच्या जागी ‘रोसिया सेगोद्न्या’ आली आणि पुढच्या वर्षी त्याच घरातून स्पुटनिक. इराणची इर्ना सरकारची आहे, तर फार्स आणि तस्नीम रिव्होल्युशनरी गार्ड या तिथल्या लष्करी दलाच्या जवळच्या. त्यामुळे तेहरानहून एकाच घटनेचे दोन सूर येऊ शकतात आणि दोन्ही आपल्याकडे ‘वृत्तसंस्था’ म्हणूनच छापले जातात. याउलट एपी ही अमेरिकी वृत्तपत्रांची १८४६ पासूनची सहकारी संस्था आहे. सहकार म्हणजे सभासदच मालक, हे सातारा-सांगलीच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. आपली पीटीआयही वृत्तपत्रांच्याच भागभांडवलावर उभी आहे. रॉयटर्स खासगी कंपनीच्या मालकीची.

नावांतले घोटाळे वेगळेच. एपी आणि एपीपी यांत एका अक्षराचा फरक. एपीपी म्हणजे असोसिएटेड प्रेस ऑफ पाकिस्तान, ती १९६१ मध्ये तिथल्या सरकारने ताब्यात घेतली. येमेनमध्ये तर ‘सबा’ नावाच्या दोन संस्था आहेत. एक हौथी बंडखोरांच्या ताब्यातली, दुसरी आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या सरकारची, नाव तेच. २०२४ च्या हंगामात तासगावकडची द्राक्षे घेऊन निघालेली जहाजे तांबड्या समुद्रातल्या हौथींच्या हल्ल्यांमुळे केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला जात होती, प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबत होता. अशा वेळी ‘सबा वृत्तसंस्थेने म्हटले आहे’ या वाक्यातली सबा कोणती, हे बागायतदाराला आणि निर्यातदाराला कळायला नको का? मार्ग सुरक्षित आहे असे हल्ला करणाराच सांगतो आहे की त्याचा विरोधक, यावर कंटेनर कधी भरायचा ते ठरते.

नाव गळते कुठे, हेही पाहायला हवे, कारण त्यात एकट्या कोणाची लबाडी नसते. बीजिंगहून निघालेल्या मजकुराच्या माथ्यावर ‘शिन्हुआ’ असे स्पष्ट असते. परदेशी संस्थांचा मजकूर आपल्याकडे बहुतेक वेळा भारतीय संस्थांमार्फत येतो. त्या आपले नाव पुढे आणि मूळ नाव मागे लावतात. ‘एएनआय/शिन्हुआ’, ‘एएनआय/स्पुटनिक’ अशा जोडओळी इंग्रजी संकेतस्थळांवर पुष्कळ दिसल्या आहेत. इथपर्यंत मूळ शाबूत असते. पुढे मराठी डेस्कवर भाषांतर करताना पहिल्यांदा कापले जाते ते ‘सरकारी वृत्तसंस्था शिन्हुआने दिलेल्या वृत्तानुसार’ हे वाक्य. ओळ वाचते, वाक्य सुटसुटीत होते, आणि ‘चीनने म्हटले’ चे ‘चीनमध्ये झाले’ होते. शेवटी डेटलाइनमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या गाव-स्रोताच्या ओळीत, सवयीने ‘वृत्तसंस्था’ येते. आता भाषांतराला यंत्र असते. ते शब्द बदलते, पण बातमी कोणाची आहे याची फिकीर करत नाही. दुसऱ्या दिवशी एखादे संकेतस्थळ आपली बातमी उचलते आणि ‘मराठी दैनिकाच्या वृत्तानुसार’ लिहिते, तोवर मूळ मालक पूर्ण पुसलेला असतो.

यात पैशाचा भाग मोठा आहे. एपी, फ्रान्सची एएफपी, रॉयटर्स यांची वर्गणी लहान-मध्यम दैनिकाला झेपत नाही. परदेशात बातमीदार ठेवण्याचे दिवस मोठ्या वृत्तपत्रांचेही संपत आले. सरकारी संस्थेला बातमी विकून पोट भरायचे नसते, म्हणून ती स्वस्तात देते, पुष्कळदा फुकट देते, छायाचित्रांसह देते. चित्रफितींचेही तेच: आरटी या रशियन सरकारी वाहिनीच्या घरची रप्टली ही व्हिडिओ संस्था २०१३ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली, चिनी सीसीटीव्हीची स्वतंत्र व्हिडिओ सेवा आहे. ज्या देशात परदेशी कॅमेऱ्याला आत जाऊ देत नाहीत तिथली दृश्ये फक्त त्यांच्याकडेच मिळतात. ७ जानेवारी २०२५ ला तिबेटमध्ये डिंगरी परिसरात मोठा भूकंप झाला. मृतांचा १२६ हा आकडा चिनी सरकारी माध्यमांचाच, मदतकार्याची दृश्येही त्यांचीच; स्वतंत्र बातमीदाराला तिथे मोकळेपणी जाता येत नाही. तो आकडा छापणे चूक नव्हते, दुसरा नव्हताच. फक्त तो कोणी मोजला हे बातमीत हवे होते.

मजकुराबरोबर शब्दही येतात, आणि ते आकड्यांपेक्षा खोल जातात. २०२३ च्या अखेरीपासून चिनी सरकारी इंग्रजी मजकुरात ‘तिबेट’ जाऊन ‘शीझांग’ आले आहे. अरुणाचल प्रदेशाला ते ‘झांगनान’, म्हणजे दक्षिण तिबेट, म्हणतात आणि तिथल्या गावा-डोंगरांना २०१७ पासून चिनी नावांच्या याद्या जाहीर करत आले आहेत. २०१७ ला सहा, २०२१ ला पंधरा, २०२३ ला अकरा, २०२४ ला तीस. रशियात ४ मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, त्यामुळे तिथल्या संस्थेच्या मजकुरात युक्रेनमधल्या युद्धाला ‘विशेष लष्करी मोहीम’ असेच नाव असणार. भाषांतर करणाऱ्या उपसंपादकाचा त्यात काही राजकीय हेतू नसतो. समोर जे आहे ते तो मराठीत आणतो. पण सहा महिने तो शब्द छापून आला की वाचकाच्या तोंडी बसतो. शब्दांची ही यादी फार लांब नाही. वीसेक शब्द डेस्कवर चिकटवून ठेवले तर काम भागते.

गप्प राहणे हीसुद्धा सरकारी संस्थेची एक बातमीच असते, आणि साताऱ्याने ती जवळून समजून घेतली पाहिजे. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे या जिल्ह्यात आहेत, कित्येक घरांतला एक तरी माणूस सीमेवर असतो. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये चकमक झाली. आपले २० जवान हुतात्मा झाल्याचे आपल्या लष्कराने १६ तारखेलाच सांगितले. चिनी बाजूने स्वतःच्या मृतांचा आकडा दिला १९ फेब्रुवारी २०२१ ला, आठ महिन्यांनी, आणि तो चार असा. त्या आठ महिन्यांत शिन्हुआच्या मजकुरात संघर्ष होता, दोष होता, आकडा नव्हता. चिनी वाचकाला तेवढे दिवस कळू दिले नाही. आपल्याकडे ज्यांनी फक्त तिकडचा मजकूर भाषांतरित केला असेल त्यांच्या वाचकालाही. त्याआधी डोकलामच्या वेळी, ऑगस्ट २०१७ मध्ये, याच संस्थेने भारताची ‘सात पापे’ मोजणारी इंग्रजी चित्रफीत काढली होती, तीत पगडी आणि नकली दाढी लावून भारतीयांची टवाळी होती. ती काढणारी आणि आपल्या अर्थ पानावर ‘चीनच्या निर्यातीत वाढ’ पुरवणारी संस्था एकच आहे.

यात सगळ्यांत शिकण्यासारखे उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि ते वाचकांच्या पत्रांशी संबंधित आहे म्हणून सविस्तर लिहितो. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या सोव्हिएत धार्जिण्या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. लिहिणारा स्वतःला नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ म्हणवत होता. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने फोर्ट डेट्रिक इथल्या प्रयोगशाळेत तयार केला, आता असे प्रयोग पाकिस्तानात होणार आणि ही साथ भारतात शिरेल, असा त्यातला दावा. पत्र केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेच्या कारस्थानाचा भाग होते. दोन वर्षे ते पडून राहिले. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुरनाया गाझेता’ने ते उकरून काढले, आणि हवाला काय दिला? ‘भारतातील एका प्रतिष्ठित दैनिकाने म्हटले आहे.’ मग पूर्व बर्लिनच्या एका निवृत्त प्राध्यापकाचा शास्त्रीय वाटणारा अहवाल त्याला जोडला गेला, सोव्हिएत संस्थांनी तो जगभर फिरवला, आणि १९८७ पर्यंत ही गोष्ट ८० हून अधिक देशांत, ३० हून अधिक भाषांत छापून आली. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर विभागाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी हे आपल्या लोकांचे काम असल्याचे मान्य केले. तोवर आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत लोकांनी ते मनावर घेतले होते.

या युक्तीची बांधणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वतःच्या नावाने सांगितले तर कोणी धरत नाही, म्हणून आधी परक्या देशातल्या लहान कागदावर बी टाकायचे. मग त्याचा हवाला देऊन आपल्या घरी छापायचे. मग वृत्तसंस्थेने दोन्हींचा हवाला देऊन जगाला पाठवायचे. वाचकाला वाटते तीन ठिकाणी आले आहे. प्रत्यक्षात ठिकाण एकच. १९८३ साली त्यासाठी एक दैनिक आणि दोन वर्षे लागली.

त्याच बांधणीचे नवे रूप २०१५ मध्ये रॉयटर्सच्या शोधबातमीत उघड झाले. चायना रेडिओ इंटरनॅशनलचे कार्यक्रम १४ देशांतली किमान ३३ रेडिओ केंद्रे लावत होती, पण केंद्रांची मालकी वा भाडेकरार होता स्थानिक दिसणाऱ्या कंपन्यांचा. त्या कंपन्यांत साठ टक्के हिस्सा बीजिंगच्या एका कंपनीचा, आणि ती कंपनी पुन्हा त्याच सरकारी रेडिओची. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात ऐकू येणारे केंद्रही त्यात होते. ऐकणाऱ्याला ते गावचे रेडिओ केंद्र वाटत होते.

पुरवण्यांबद्दल थोडक्यात. ‘चायना डेली’ या चिनी सरकारी इंग्रजी दैनिकाची ‘चायना वॉच’ ही पुरवणी अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकांत पैसे देऊन जात असे. नोव्हेंबर २०१६ ते २०२० च्या वसंतापर्यंत अमेरिकी वृत्तपत्रांना व छपाईला मिळून सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर दिले गेले, हे आपल्याला ठाऊक आहे ते १९३८ च्या तिथल्या परकी हस्तक नोंदणी कायद्यामुळे. तो कायदा हिशेब जाहीर करायला लावतो. आपल्याकडे २०१० चा परदेशी निधी नियमन कायदा वृत्तपत्राच्या मालक, संपादक, मुद्रक, वार्ताहरांना परदेशी देणगी घ्यायला मनाई करतो, पण नेहमीच्या व्यवहारातले पैसे, म्हणजे जाहिरातीचे दर, त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे परकी सरकारने पानभर जाहिरात दिली तर ती कायदेशीर, आणि तिचा हिशेब वाचकापुढे मांडायचे बंधन नाही. म्हणून अशा पानावर माथ्यावर, बातमीच्याच टाइपात, ‘जाहिरात : अमुक देशाचे सरकार’ असे छापावे. ‘मीडिया इनिशिएटिव्ह’, ‘विशेष सहयोग’ असले शब्द चालवू नयेत.

छायाचित्रांचा धोका निराळा आहे. ९ जुलै २००८ ला इराणच्या क्षेपणास्त्र चाचणीचे चित्र जगभर गेले. एका ओळीत चार क्षेपणास्त्रे आकाशात झेपावताना दिसत होती. चित्र रिव्होल्युशनरी गार्डच्या संकेतस्थळावरचे होते, एएफपीने ते वितरित केले आणि अनेक मोठ्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर लावले. दुसऱ्याच दिवशी लक्षात आले की उडाली होती तीन, चौथे धुराचे लोट चिकटवून बनवले होते. एएफपीने चित्र मागे घेतले. संस्था चित्र मागे घेते म्हणजे सर्व ग्राहकांना ते वापरू नका अशी सूचना पाठवते. ही सूचना येते तेव्हा आपला अंक खटावच्या एसटीत पोहोचलेला असतो. म्हणून दोन गोष्टी कराव्यात: सरकार वा सैन्याने पुरवलेल्या चित्राखाली ‘इराणी सैन्याने दिलेले छायाचित्र’ असे लिहावे, आणि मागे घेतलेल्या चित्राची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी छापावी. आतल्या पानावरच्या दोन ओळींनी ती होत नाही.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे, नाही तर आमची मागणी उलटू शकते. सरकारचा पैसा आणि सरकारचा हुकूम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ट्विटरने ऑगस्ट २०२० मध्ये सरकारी माध्यमांच्या खात्यांवर शिक्के लावायला सुरुवात केली होती, ती कल्पना चांगली होती. एप्रिल २०२३ मध्ये नव्या मालकाच्या काळात अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओवर तोच शिक्का बसला, जिचे थेट केंद्रीय अनुदान एक टक्क्याहूनही कमी होते. बीबीसीवर ‘सरकारी निधीवरील’ असे लागले. दोघांनी आक्षेप घेतला, एनपीआरने ट्विटर सोडले, आणि त्याच महिन्यात शिक्के सरसकट काढले गेले, शिन्हुआ आणि आरटीवरचेसुद्धा. चुकीच्या शिक्क्याने खरा शिक्काही घालवला.

म्हणून शिक्का मारताना आम्ही चार गोष्टी पाहतो. संपादकाला कोण नेमते, त्याला काढू कोण शकते, पैसा किती वर्षांसाठी बांधलेला आहे, आणि स्वतःच्या सरकारविरुद्धची बातमी ती संस्था त्याच दिवशी देते का. एएफपीला फ्रेंच सरकारकडून मोठी रक्कम मिळते, पण १९५७ च्या कायद्याने तिची घडण वेगळी ठेवली आहे आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी अल्पमतात आहेत. बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली ती ब्रिटिश सरकारने वर्ल्ड सर्व्हिसच्या विस्तारासाठी दिलेल्या अनुदानातून, आणि कोणत्या भाषेत सेवा चालवायची यावर तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांची संमती लागते. रोजची बातमी मात्र त्यांच्या हातात नसते. २०२४ पासून ही सेवा ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ ही भारतीय कंपनी चालवते, कारण डिजिटल बातम्यांत परदेशी भांडवलाला आपल्याकडे २६ टक्क्यांची मर्यादा आहे. एवढे सगळे वाचकाला माहीत असावे. त्यात बीबीसीची बदनामी नाही.

कायद्याची भिंत कायमची असते असेही नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका ही अमेरिकी सरकारची प्रसारण सेवा १९४२ पासून अखंड चालू होती, १९७६ पासून तिच्या निष्पक्षतेची सनद कायद्यात आहे. १४ मार्च २०२५ ला अध्यक्षांनी तिची पालक संस्था आटोपती घेण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी तेराशेहून अधिक कर्मचारी सक्तीच्या रजेवर गेले. रॉयटर्सनेही १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटिश सरकारकडून गुप्तपणे पैसे घेतले होते, हे जानेवारी २०२० मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांतून कळले. तेव्हा ‘पाश्चात्त्य म्हणजे स्वच्छ’ अशी आमची समजूत नाही.

साताऱ्याने तर ती बाळगूच नये. एकोणिसाव्या शतकात रॉयटर्स, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वोल्फ यांनी करार करून जग बातम्यांसाठी वाटून घेतले होते, आणि भारत रॉयटर्सच्या वाट्याला होता. १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला तेव्हा देशांतर्गत बातम्या पोहोचवणारी मोठी संस्था, असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया, रॉयटर्सच्याच मालकीची होती आणि वर युद्धकाळाची सेन्सॉरशिप होती. प्रतिसरकारची हकीकत बाहेर जायची तर या दोन चाळण्यांतून. पीटीआय २७ ऑगस्ट १९४७ ला नोंदली गेली ती या अनुभवातून.

आणि मग आपल्याच सरकारने काय केले तेही लिहायला हवे. फेब्रुवारी १९७६ मध्ये आणीबाणीत पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था उभी केली गेली. एप्रिल १९७८ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. त्या दोन वर्षांत अंकाच्या माथ्यावर ‘समाचार’ वाचणाऱ्याला निदान ठाऊक होते की सगळीकडे तेच येणार. जून २०२० मध्ये पीटीआयने चिनी राजदूताची मुलाखत दिली म्हणून प्रसार भारतीने तिला खरमरीत पत्र पाठवले, ऑक्टोबरमध्ये वर्गणी बंद केली, आणि २०२३ मध्ये हिंदुस्थान समाचारशी करार केला. डिसेंबर २०२० मध्ये युरोपातल्या ईयू डिसइन्फोलॅबने भारताच्या बाजूने बातम्या पेरणाऱ्या शेकडो बनावट माध्यमांचे जाळे दाखवून दिले, आणि त्यातला मजकूर आपल्याकडच्या संस्थेमार्फत पुन्हा देशात येत होता. आपल्या बाजूचे आहे म्हणून ते खरे होत नाही. आकाशवाणी, दूरदर्शन आणि केंद्र सरकारचे माहिती कार्यालय पीआयबी यांचा मजकूरही नावानिशीच छापला पाहिजे, जसा जिमाकाचा छापता.

बंदी हा उपाय आम्ही मागत नाही. युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये आरटी आणि स्पुटनिकवर बंदी घातली, आपण मे २०२५ मध्ये चीनच्या ग्लोबल टाइम्स व शिन्हुआची आणि तुर्कस्तानच्या टीआरटी वर्ल्डची एक्सवरची खाती रोखली. सरकारने रोखलेला मजकूर नाव बदलून येतो, आणि तेव्हा तो ओळखणे आणखी कठीण होते. दुसरे म्हणजे शिन्हुआ वाचावीच लागते. १९ जुलै २०२५ ला यारलुंग त्सांगपो नदीवरच्या, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाच्या, प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाल्याचे जगाला कळले ते तिच्याकडूनच: पाच टप्प्यांची वीजकेंद्रे, सुमारे १.२ लाख कोटी युआन खर्च. एवढी माहिती दुसरीकडे नव्हती.

रात्री अकराला पान सोडायच्या घाईत हे कसे जमायचे, असे आपले उपसंपादक विचारतील, आणि ते योग्यच आहे. म्हणून मागणी लहान ठेवली आहे. डेटलाइनमध्ये ‘वृत्तसंस्था’ ऐवजी मूळ संस्थेचे नाव: ‘बीजिंग : शिन्हुआ (चीन सरकार)’. मधल्या भारतीय संस्थेचे नाव जागा असेल तर, नसेल तर नाही. मूळ मात्र सोडायचे नाही. मजकूर संगणकावर घेतानाच फाइलच्या नावात संस्थेचे नाव घालावे, कारण भाषांतर करणारा आणि पान लावणारा वेगळे असतात आणि नाव याच टप्प्यावर पडते. पहिल्या वाक्याचे क्रियापद ‘झाले’ नसून ‘म्हटले आहे’ असावे. मथळ्यात जागा नसेल तर निदान ‘चीनचा दावा’ हे दोन शब्द यावेत. दुसऱ्या संस्थेचा ताळा पाहताना ती पहिलीचाच हवाला देत नाही ना, हे तपासावे. तीन संकेतस्थळांवर एकच शिन्हुआ असेल तर तो स्रोत एकच. ताळा नसेल तर बातमी रोखून धरायची गरज नाही, ‘स्वतंत्र दुजोरा नाही’ एवढे लिहिले की पुरे. मृतांचा, सैन्याचा आणि उत्पादनाचा आकडा असेल तिथे मात्र हे वाक्य कापू नये, बाकी हवे तर काही कापा.

जागेचा हिशेब केला तर डेटलाइनमध्ये दोन-तीन शब्द वाढतात. महिन्यातून एकदा देश-विदेश पानावर चौकट द्यावी, आपण ज्या संस्थांचा मजकूर वापरता त्या कोणाच्या आहेत एवढेच सांगणारी. वाचक चार महिन्यांत सरावतो. ‘जिमाका’ही कोणी शाळेत शिकवलेले नाही.

सोबत एका फुलस्केपवर बसणारी यादी जोडली आहे, डेस्कच्या भिंतीवर लावता येईल अशी. एपी आणि एपीपी, तसेच दोन्ही ‘सबा’, मुद्दाम एकाखाली एक ठेवल्या आहेत. अल जझीरासमोर आम्ही ‘कतार सरकारचा पैसा’ लिहिले आहे, ‘कतार सरकारचा हुकूम’ लिहिलेले नाही, आणि आम्हा लिहिणाऱ्यांतही त्यावर एकमत झाले नाही. आपल्या डेस्कचे मत निराळे असेल तर ते यादीत दुरुस्त करून छापावे.

आपले,
माध्यमांचे अभ्यासक, काही वाचक
सातारा
(नावे व पूर्ण पत्ते आपल्या कार्यालयात नोंदवले आहेत)